लिथियम निघून गेल्यावर

पर्प्युराइट जन्मतः जांभळा नसतो. पेग्मटाइट या भरड खडकात आधी लिथियोफिलाइट तयार होतो. त्यात लिथियम, मँगनीज आणि फॉस्फेट असतं. रंग असा तपकिरी की दुकानात कुणी हातही लावणार नाही. मग भेगांतून पाणी आणि ऑक्सिजन शिरतात. लिथियम हळूहळू निघून जातं, मँगनीज एक इलेक्ट्रॉन गमावतं, आणि उरलेलं मँगनीज फॉस्फेट जांभळं दिसतं. अणूंची चौकट मात्र बरीचशी तशीच उभी राहते. भाडेकरू गेला, घर शाबूत.

1905 साली ग्रेटन आणि शालर यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या नमुन्यांवरून त्याला हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'पुर्पुरा' म्हणजे जांभळा.

माझ्याकडे त्याचा नामिबियातला एक तुकडा आहे, ऑनलाइन मागवलेला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आत्मविश्वास वाढवणारा नैसर्गिक दगड'. आत्मविश्वासाचं सोडा, मी अडले ती 'नैसर्गिक'पाशी. या खनिजावर बहुधा काळपट तपकिरी पुट असतं. विकणारे अनेकदा ते आम्लात बुडवून काढतात, तेव्हा हा झगझगीत रंग दिसतो. रंग खराच आहे, त्यामुळे मला ही भेसळ वाटत नाही. पण तसं सांगत का नाहीत? माझ्या तुकड्याच्या एका खाचेत तपकिरी पुट शिल्लक आहे, आणि मला तोच कोपरा जास्त आवडतो. (अंगठीत मात्र बसवू नका. काठिण्य जेमतेम 4 ते 4.5, साध्या चाकूनेही चरा पडतो.)

याला एक लोखंडी भाऊ आहे. ट्रिफिलाइटमधून लिथियम गेलं की हेटेरोसाइट उरतो, तोही जांभळा. 1997 मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने दाखवलं की ट्रिफिलाइटच्या रचनेचं लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत चालतं. आज कितीतरी इलेक्ट्रिक गाड्यांत तेच असतं. गाडी चार्जिंगला लावली की लिथियम बाहेर पडतं आणि हेटेरोसाइटचीच चौकट उरते. चालवली की लिथियम परत येतं. दगडातलं परत येत नाही.

लोहाऐवजी मँगनीज घातलं तर व्होल्टेज साधारण 3.4 वरून 4.1 वर जातं. पण वीज नीट वाहत नाही आणि चौकटीवर ताण येतो, म्हणून दोन्ही मिसळून पाहतात. निसर्गातही दोघं सहसा मिसळलेलेच सापडतात. मँगनीज जास्त तर पर्प्युराइट, लोह जास्त तर हेटेरोसाइट. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. माझ्या तुकड्याची तपासणी मी अजून केलेली नाही. डबीवर सध्या दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत.