दहा-नऊ

मुष्टियुद्धात एखादा खेळाडू आडवा होतो, दहा आकडे मोजून होतात, तो उठत नाही, तेव्हा निकालाविषयी वाद उरत नाही. वाद सुरू होतो तो शेवटची घंटा वाजल्यावर दोघेही आपापल्या पायांवर उभे असले म्हणजे. मग रिंगणाच्या कडेला बसलेल्या काही माणसांनी प्रत्येक फेरीनंतर काय लिहून ठेवले आहे, त्याला महत्त्व येते. (आपल्या भाषेत 'पंच' म्हणजे न्याय देणारा, आणि इंग्रजीतून आलेला 'पंच' म्हणजे ठोसा. काही लढतींत सर्वांत जबर ठोसा पंचांचाच बसलेला असतो, हे पाहता ही सरमिसळ अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. या लेखात मात्र पंच म्हणजे गुण देणारा माणूस.)

गुण देण्याची आज रूढ असलेली पद्धत वरवर सोपी आहे. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ. कुणी खाली पडला तर सहसा दहा-आठ. व्यावसायिक लढतीत तीन पंच आणि जास्तीत जास्त बारा फेऱ्या. ऑलिंपिकमध्ये पाच पंच आणि तीन फेऱ्या. काय पाहायचे तेही ठरलेले आहे: व्यावसायिक लढतीत स्वच्छ व परिणामकारक ठोसे, फलदायी आक्रमण, बचाव, रिंगणावरचा ताबा. यांतल्या कशाला किती वजन द्यायचे, हे पंचाच्या नजरेवर सोडलेले आहे. पण खरी मेख वेगळीच आहे. केसभर फरकाने जिंकलेली फेरी आणि प्रतिस्पर्ध्याला तीन मिनिटे भेलकांडत ठेवून जिंकलेली फेरी, दोन्हींचा हिशेब बहुधा दहा-नऊच होतो. सात फेऱ्या केसभराने जिंकणारा माणूस पाच फेऱ्या निर्विवाद जिंकणाऱ्याला हरवू शकतो. एका फेरीतली शिलकी पुढच्या फेरीत नेता येत नाही. कादंबरीचे मूल्यमापन प्रकरणागणिक गुण देऊन करावे आणि शेवटी बेरीज मांडावी, तसा हा प्रकार आहे.

६ एप्रिल १९८७ रोजी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये मार्व्हिन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड यांच्यात झालेली लढत या दृष्टीने मला पाठ्यपुस्तकासारखी वाटत आली आहे. हॅगलर मिडलवेट गटाचा विजेता होता. लेनर्ड जवळजवळ तीन वर्षांनी रिंगणात उतरत होता. फेरीचा बराच काळ पायांच्या चपळाईवर निभावून न्यायचा आणि शेवटच्या काही सेकंदांत ठोशांची सर बरसवायची, हा त्याचा डाव. त्या ठोशांत फारसे वजन नसे; पण पंच गुण लिहायला घेतो त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे असलेले दृश्य तेच असे. तीन मिनिटांच्या मजकुराचा शेवटचा परिच्छेद लेनर्ड लिहीत होता, असे म्हणा.

लू फिलिपो यांनी ही लढत ११५-११३ अशी हॅगलरला दिली, डेव्ह मोरेट्टी यांनी ११५-११३ अशी लेनर्डला, आणि जोजो ग्वेरा यांनी ११८-११० अशी लेनर्डला. म्हणजे फिलिपोंच्या लेखी हॅगलरने बारापैकी सात फेऱ्या जिंकल्या होत्या आणि ग्वेरांच्या लेखी केवळ दोन. तिघे एकाच रिंगणाभोवती बसले होते. चित्रफितीत ही लढत मी कितीदा पाहिली असेल याची गणती नाही. आवाज चालू ठेवला की लेनर्ड पुढे वाटतो, बंद केला की हॅगलर. लेनर्डच्या प्रत्येक सरीला प्रेक्षागृह गर्जून उठते, आणि ती गर्जना न लागलेल्या ठोशांनाही लागल्याचा भास देते. मोरेट्टी आणि फिलिपो हे दोन्ही वाचक मला प्रामाणिक वाटतात. ग्वेरांचे वाचन मात्र कुठल्याही आवाजात पटत नाही. हॅगलर त्यानंतर एकदाही लढला नाही.

पुढच्याच वर्षी सोलच्या ऑलिंपिकमध्ये जे घडले त्याला वाचनातला मतभेद म्हणणे कठीण आहे. २ ऑक्टोबर १९८८. ७१ किलो गटाची अंतिम लढत, अमेरिकेचा रॉय जोन्स विरुद्ध यजमान दक्षिण कोरियाचा पार्क सी-हुन. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. सुवर्णपदक ३-२ अशा निर्णयाने पार्कला गेले. गमतीचा भाग असा की, स्पर्धेतल्या सर्वोत्तम मुष्टियोद्ध्याला मिळणारा व्हॅल बार्कर करंडक त्याच पराभूत जोन्सला देण्यात आला. ऑलिंपिक समितीने पुढे चौकशी केली. १९९७ साली तिचा निष्कर्ष आला की भ्रष्टाचाराचा पुरावा नाही.

या प्रकरणातून संघटकांनी जो धडा घेतला, तो साहित्याच्या माणसाला विचारात पाडणारा आहे. त्यांना वाटले, दोष वाचकात आहे, तेव्हा वाचकच कमी करू. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून संगणक आला. पाच पंचांपुढे बटणे. ठोसा लागलेला दिसला की बटण दाबायचे, आणि पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबले तरच गुण. फेरीचा अर्थ लावण्याचे काम संपले, उरली ती मोजदाद. बीजिंगला २००८ साली विजेंदर सिंगला भारताचे मुष्टियुद्धातले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले ते याच पद्धतीत. उपांत्य लढत तो क्यूबाच्या एमिलिओ कोरेआकडून ५-८ अशी हरला. आकडा असा फुटबॉलसारखा आटोपशीर.

पण खेळ बदलला. जवळून बरगड्यांवर मारलेला ठोसा तीन पंचांना एकाच सेकंदात दिसणे अवघड, म्हणून तो मारण्यात अर्थ उरला नाही. दुरून डोक्यावर टेकवलेला एकुलता ठोसा जिंकू लागला. लागोपाठच्या चार ठोशांचा गुण पुष्कळदा एकच. दोन-तीन गुणांची आघाडी मिळाली की उरलेला वेळ पळून काढायचा. ज्या गोष्टी मोजता येतात तेवढ्याच गोष्टी करणारा खेळाडू तयार झाला. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या परीक्षेला सरावलेले विद्यार्थी ज्यांनी शिकवले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. शिवाय वाद थांबले नाहीतच. लंडनला २०१२ साली विकास कृष्णन अमेरिकेच्या एरल स्पेन्सविरुद्ध १३-११ असा जिंकला, आणि काही तासांनी अमेरिकेच्या तक्रारीवरून, रेफरीने न दिलेले दंड धरून, निकाल स्पेन्सच्या बाजूने १५-१३ असा फिरवण्यात आला.

२०१३ साली दहा-नऊ परत आले. रिओमध्ये २०१६ साली आयर्लंडच्या मायकेल कॉनलनला रशियाच्या व्लादिमिर निकितिनविरुद्ध तिन्ही पंचांनी २९-२८ असे हरवले. कॉनलनने कॅमेऱ्यासमोर पंचांना बोटे दाखवली. निकितिन इतका जायबंदी होता की तो उपांत्य फेरीत उतरूच शकला नाही. रिओत काम केलेल्या सर्वच्या सर्व ३६ रेफरी-पंचांना नंतर बाजूला ठेवण्यात आले, आणि २०२१ च्या मॅक्लॅरेन अहवालाने लढतींचे निकाल फिरवण्याची यंत्रणाच तिथे उभी होती असे नोंदवले. टोकियोतली मुष्टियुद्धे म्हणूनच जुन्या संघटनेकडून काढून घेण्यात आली होती.

आणि नेमके टोकियोतच, पंचांवर लबाडीचा आरोप करायला जागा नसताना, मला सर्वांत अस्वस्थ करणारा निकाल लागला. २९ जुलै २०२१ रोजी मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रित वालेन्सियाकडून ३-२ अशी हरली. पहिली फेरी पाच पंचांपैकी चौघांनी वालेन्सियाला दिली. दुसरी ३-२ अशी मेरीला. तिसरीही ३-२ अशी मेरीला. तीनपैकी दोन फेऱ्या बहुमताने जिंकून ती लढत हरली. रिंगणातून बाहेर पडल्यावरही बराच वेळ आपणच जिंकलो या समजुतीत ती होती.

बेरजेत चूक नव्हती. कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीत दोन-दोन पंच मेरीच्या विरोधात होते. समजा, पहिली फेरी वालेन्सियाला देणाऱ्या चौघांपैकी तेच दोघे दोन्ही वेळा विरोधात गेले असते, तर मेरी ३-२ अशी जिंकली असती: फेऱ्यांचे आकडे तेच, ४-१, २-३, २-३, पण निकाल उलटा. विरोध करणारी माणसे फेरीगणिक बदलली की वालेन्सियाच्या बाजूला तिसरा पंच जमा होतो. म्हणजे फेरी कोणी जिंकली, यापेक्षा कोणत्या पंचाने आपल्या मनात तीन फेऱ्यांची मिळून कोणती गोष्ट वाचली, यावर निकाल ठरला. हे अन्याय्य आहे का? माझ्या मते नाही. लढत पूर्ण वाचणाऱ्या पाच वाचकांपैकी तिघांचे मत एका बाजूला पडले, आणि वाचकाला अखंड मानायचे तर हेच योग्य. पण रिंगणात उभ्या असलेल्या माणसाला हे कळणार कसे?

आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत आम्ही तिघे परीक्षक होतो तेव्हा असाच गुंता झाला होता. विषयप्रतिपादन, भाषा, उच्चार, सादरीकरण असे रकाने, प्रत्येकाला गुण. बेरजेने जो मुलगा पहिला आला, तो आमच्यापैकी एकाच्याही यादीत पहिला नव्हता. तिघांच्याही यादीत तो दुसरा होता. माझ्या यादीतली पहिली मुलगी बक्षीस समारंभानंतर येऊन विचारू लागली, "सर, मी कुठे कमी पडले?" माझ्या कागदावर ती कुठेच कमी पडलेली नव्हती. इतर दोघांच्या वतीने उत्तर देण्याचा मला अधिकार नव्हता, आणि ते दोघे एव्हाना निघून गेले होते. आकड्याला कारण विचारता येत नाही. कवितासंग्रहाला दहापैकी नऊ देऊन थांबणाऱ्या समीक्षकाला आपण समीक्षक म्हणत नाही. मुष्टियुद्धाच्या पंचाकडून मात्र एवढीच अपेक्षा आहे. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात त्याने निबंध लिहावा असे कोण म्हणेल? पण लढतीनंतर, फेरीगणिक दोन ओळी, सहीनिशी, खेळाडूच्या हाती पडाव्यात, असे मला फार वाटते. लबाड पंच त्या ओळीही लबाडीनेच लिहील हे खरे. निदान ११८-११० चे वाचन कोणत्या वाक्यांत मांडले जाते, ते तरी दिसेल.

सोलच्या पार्क सी-हुनविषयी आपण क्वचितच विचार करतो. रेफरीने त्याचा हात वर केला तेव्हाचा त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नाही. ते पदक त्याने मागितले नव्हते, आणि ते मिळाल्याबद्दलची टीका त्याच्याच देशात त्याला ऐकावी लागली. तो व्यावसायिक मुष्टियुद्धाकडे वळला नाही. जोन्स मात्र पुढे व्यावसायिक रिंगणातला आपल्या काळातला एक थोर योद्धा ठरला. २०२३ साली पार्क फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला जोन्सच्या घरी गेला, आणि पस्तीस वर्षे जपलेले सुवर्णपदक त्याच्या हाती ठेवले. ऑलिंपिकच्या अधिकृत नोंदीत त्या लढतीचा निकाल आजही पार्क, ३-२ असाच आहे.