घरच्या शाळेचे कागद

‘कोर्स डिस्क्रिप्शन’ नावाचा कागद सरकारी नोकरीच्या वीस वर्षांत माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. दाखले, टिपणे, स्मरणपत्रे आणि त्यांवरचे शेरे हे आमचे रोजचे. पण एखादी मुलगी शाळेत न जाता घरी बसून काय काय शिकली, हे सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाला पटेल असे लिहून काढायचे, हे काम यंदा चवथ आटोपल्यावर सासुरवाडीने माझ्या गळ्यात घातले. कारण काय, तर दाजी मराठी घेऊन बी.ए. झालेत आणि जन्मभर कागदच लिहितात.

माझी सासुरवाडी निपाणीची. बेळगाव आम्हा गोवेकरांना परके नाही, आमची निम्मी भाजी तिथूनच घाट उतरून येते. निपाणी त्याच्याही पुढे, पुणे-बंगळूर रस्त्यावर, कर्नाटकाच्या अगदी कडेला. किती कडेला, तर निपाणीचे म्हणून ओळखले जाणारे देवचंद कॉलेज प्रत्यक्षात अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाला जोडलेले आहे. घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या राज्यात, याचे तिथे कुणाला नवल वाटत नाही.

माझ्या मेहुण्याची मुलगी तिथल्या एका मराठी शाळेत सहावीत होती तेव्हा, २०२० साली, लॉकडाऊन आला. शाळा पुन्हा उघडल्यावर ती परत गेली नाही. वहिनी बी.एस्सी. आहेत, गणिताच्या शिकवण्या घेतात. त्या दीड वर्षात मुलगी आपणहून पुस्तक उघडून बसायला लागली होती. पुढे माध्यम कोणते घ्यायचे हा सीमाभागातल्या प्रत्येक घरातला घोळ होताच, तोही त्या निमित्ताने टळला. दहावी तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दिली, तीही मराठीतून. १९८९ साली केंद्र सरकारने काढलेली ही संस्था, तिला सगळे एनआयओएस म्हणतात. बारावीही तिथूनच चालू आहे. तेवढ्यावर आपल्याकडे कॉलेजचे बहुतेक दरवाजे उघडतात. पण मुलीच्या डोक्यात अमेरिका आहे. मेहुण्याचे हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचे दुकान आहे, त्यामुळे पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचे, नाहीतर नाही, हे तिच्यासकट सगळ्यांना ठाऊक आहे.

तिकडची अर्जाची रीत मला आधी समजून घ्यावी लागली. शाळेतल्या मुलाच्या अर्जासोबत शाळेचा समुपदेशक गुणपत्रक पाठवतो, शाळेची ओळख करून देतो आणि मुलाविषयी पत्र लिहितो. घरी शिकलेल्या मुलाच्या बाबतीत ही सगळी कामे आई किंवा बाप करतो. गुणपत्रकही तेच बनवतात. आता आईने लेकीला दिलेल्या ‘ए’ श्रेणीवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून मग प्रत्येक विषयाचे वर्णन जोडायचे. विषय कोणता, कोणत्या वर्षी शिकला, काय काय झाले, पुस्तके कोणती, लिहून काय घेतले, तपासले कुणी, तास किती. साधारण १२० तासांचा अभ्यास म्हणजे एक क्रेडिट. हा हिशेब तिकडे कार्नेगी फाउंडेशनच्या काळापासून, म्हणजे १९०६ पासून चालत आलेला. कारकुनाला हे वाचून बरे वाटते. सेवापुस्तकासारखेच आहे की!

या वाटेने आपल्याकडचे कुणी गेलेच नाही असे नाही. मुंबईच्या मालविका जोशीला तिच्या आईने सातवीच्या सुमारास शाळेतून काढून घरी शिकवले. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळवली. बारावी नाही म्हणून आयआयटीचे दार तिला बंद होते, आणि २०१६ साली एमआयटीने तिला घेतले. वर्तमानपत्रांनी तेव्हा पुष्कळ कौतुक केले. पण पदके असली की कागदाचे काम सोपे होते. आमच्या मुलीकडे पदक नाही. तिच्याकडे वह्यांचे गठ्ठे आहेत.

मला राहून राहून आठवत होत्या त्या आनंदीबाई जोशी. त्यांच्यावर नाटक, कादंबरी, सिनेमा सगळे झाले, पण त्यांच्या अर्जाकडे मी या आधी कधी कारकुनाच्या नजरेने पाहिले नव्हते. गोपाळराव पोस्टात कारकून. बायकोला शिकवले ते मुख्यतः घरी, बदल्यांच्या गावी. अमेरिकेतल्या मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला तो कोल्हापूरला असताना, म्हणजे निपाणीहून तासाभराच्या वाटेवर. १८८३ साली आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जे पत्र लिहिले, त्यात आपले वय, आपला आजवरचा अभ्यास आणि आपल्याला येणाऱ्या सात भाषा असा सरळ तपशील दिला होता. मोठी प्रमाणपत्रे नव्हतीच. कॉलेजने त्यांना घेतले आणि १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. घरच्या शिक्षणाचे वर्णन लिहून परदेशी कॉलेज गाठणारी मराठी मुलगी हुडकायला मला मुंबईपर्यंतसुद्धा जायला नको होते.

असो. निपाणीला गेलो तेव्हा इंटरनेटवरच्या नमुन्यांवरून केलेला मसुदा तयार होता. त्यात सगळेच ‘प्रगत’ होते. प्रगत भूमिती, प्रगत पर्यावरण, प्रगत नेतृत्व. हे शेवटचे काय म्हणून विचारले, तर गणेशोत्सवात तिने लहान मुलांचे कार्यक्रम बसवले होते. मी ते सगळे ‘प्रगत’ खोडले. आमच्या खात्यात रोज शेकडो कागद नजरेखालून जातात. ज्याच्यात विशेषणे जास्त, त्याची जोडपत्रे आम्ही आधी तपासतो. तिकडचा वाचकही शेवटी पगारी माणूसच.

मराठीचे वर्णन लिहायला सगळ्यात मजा आली. मूळ मसुद्यात एकच ओळ होती, ‘मातृभाषा, वाचन व लेखन’. वह्या काढून पाहिल्या तर मुलीने तीन वर्षांत एक आख्खा अभ्यासक्रम पुरा केला होता आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. बेळगावच्या इंदिरा संतांची कविता. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांचा लंपन, ज्याच्या मराठीत कानडी सहज मिसळलेले असते. आणि महादेव मोरे. निपाणीतच पिठाची गिरणी चालवत ते लिहीत राहिले, २०२४ मध्ये गेले. मुलीने त्यांच्या कथांतल्या बोलीतल्या शब्दांची वही केली होती, पुढे अर्थ, आणि त्यापुढे तोच शब्द आजी कशी बोलते ते. आम्ही विषयाचे नाव ठेवले ‘सीमाभागाचे मराठी साहित्य’ आणि एक क्रेडिट लावले. कानडीचे वेगळे पान केले. मेहुणा आधी थोडा नाखूश होता. १९५६ पासूनचा राग असा एका पानाने जात नाही, आणि त्याचे वडील सत्याग्रहात होते. पण मुलगी दुकानातल्या गिऱ्हाइकांशी आणि मैत्रिणींशी कानडी बोलते, वाचते, हे खरे आहे. खरे आहे ते लिहायचे. गोव्यात मातृभाषेच्या रकान्यावरून काय काय झाले ते आपण १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे पाहिलेच आहे. या अर्जात एक गोष्ट मला आवडली. त्यात भाषेचा रकाना एकाच भाषेपुरता नाही, मुलीला येतात त्या सगळ्या लिहिता येतात.

खरी अडचण आली इतिहासाशी. मुलीने अकरावीच्या वर्षी निपाणीच्या तंबाखूवर काम केले होते. एप्रिल १९८१ चे शेतकऱ्यांचे आंदोलन, शरद जोशींचे नेतृत्व, रस्ता अडवलेला, मग गोळीबार आणि त्यात मेलेले शेतकरी. त्याच सुमारास वखारींत तंबाखू चाळणाऱ्या बायकांची संघटना झाली. त्यांच्यावर दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटाने १९८२ मध्ये माहितीपट काढला. हे सगळे वाचून, पाहून तिने एका बाईची दीर्घ मुलाखत घेतली होती. ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी तरुणपण वखारीत काढले, तो खोकला अजून आहे.

“दाजी, हे नको,” मेहुणा म्हणाला. “जरा वजनदार काय तरी घाला की. तंबाखू कशाला दाखवायची?”

वहिनींचेही तेच. आईंनी वखारीत काम केले हे परक्यांना का सांगायचे? त्यात भर म्हणून, मुलाखत घेणारी नात आणि देणारी आजी, याला अभ्यास कोण म्हणेल? हा दुसरा प्रश्न रास्त होता. पहिल्यावर सासूबाईच बोलल्या, “मी काय चोरी केली व्हय?”

तर्क करून उपयोग नव्हता, म्हणून मी मुलीला मुलाखतीची वही मागितली. त्यात तिने आजीची प्रत्येक आठवण जुन्या बातम्यांशी ताडून पाहिली होती. दोन ठिकाणी आजीचे वर्ष चुकले होते, तेही समासात टिपले होते. मजुरीचा आकडा आजी एक सांगते आणि शेजारच्या घरातली म्हातारी दुसरा सांगते, म्हणून दोन्ही लिहिले होते. मेहुणा बराच वेळ वही चाळत बसला. आपल्या आईची मजुरी किती होती हे त्याला त्या दिवशी कळले. शेवटी म्हणाला, “ऱ्हाऊ दे मग. पण आईचं नाव नको.” नाव घातले नाही. ‘वखारीत काम केलेल्या एका वृद्ध स्त्रीची मुलाखत, विद्यार्थिनीच्या कुटुंबातील’ असे लिहिले. नाते लपवले नाही, कारण वाचणाऱ्याला ते पुढे कळले असते तर बाकीच्या पानांवरचा विश्वासही गेला असता.

तासांवरून मात्र वहिनी आणि मुलगी यांचे जुंपले. मुलीच्या मते साठ तास, वहिनींच्या मते आजीशी गप्पा मारण्याचे तास धरायचे नाहीत. तारखा लावून बेरीज केली ती सत्तेचाळीस आली. अर्धे क्रेडिटसुद्धा पुरे होत नव्हते. मग ते स्वतंत्र विषय म्हणून न ठेवता भारताच्या इतिहासाच्या पानात प्रकल्प म्हणून घातले. श्रेणी दिली नाही, काय केले एवढेच लिहिले, आणि वहीतल्या दोन पानांची प्रत जोडली. इंग्रजी करताना ‘वखार’ला शब्द सापडेना, गोदाम म्हटले तर चाळणाऱ्या बायका त्यातून नाहीशा होतात. शेवटी ‘वखार’ तसाच ठेवून पुढे एका ओळीत समजावला.

एकूण अठरा पाने झाली. वहिनींनी समुपदेशक म्हणून सही केली तेव्हा हात पुसून आल्या, पदनाम लिहिताना थोड्या थांबल्या आणि मग ‘आई व शिक्षिका’ असे लिहिले. बहुतेक अर्ज जानेवारीच्या पहिल्या तारखेच्या आत जायचे होते, ते गेले. उत्तरे मार्चअखेर येतील. एप्रिलमध्ये एनआयओएसची परीक्षा आहे. रसायनशास्त्राचा एक भाग तिचा अजून राहिला आहे, आणि परवा फोनवर वहिनी त्यावरूनच ओरडत होत्या.