सूर्यास्तापूर्वी

हसनाबादच्या माणसाचा समुद्राशी संबंध येण्याचे कारण नाही. भोकरदन तालुक्यातील या गावाने पाणी पाहिले ते विहिरीत, गिरजा नदीच्या पात्रात आणि उन्हाळा कठीण गेला की टँकरच्या नळीतून. अशा गावात चार दशके किराणा दुकान सांभाळणारे काका आणि त्यांच्या सहधर्मचारिणी काकू बार्सिलोनाहून फ्लोरिडाला निघालेल्या जहाजावर चढले, तेव्हा परिचितांना कौतुकापेक्षा काळजीच अधिक वाटली. फ्लोरिडात राहणाऱ्या मुलीने आईवडिलांच्या विवाहाची ४० वर्षे पूर्ण झाल्याबद्दल दिलेली ही भेट होती. मुलगी, जावई आणि नात सोबत होतीच.

शरद ऋतूत भूमध्य समुद्रातील पर्यटनाचा हंगाम सरत आला, की अनेक प्रवासी जहाजे अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांकडे वळतात. मधले सात-आठ दिवस एकही बंदर लागत नाही. उतरायचे नाही, पाहायचे काही नाही, खरेदी नाही. त्यांपैकी तिसऱ्या दिवसाची ही हकिकत आहे.

सकाळी नवकारसी पारून काका डेकवर आले. जहाजाचा वेग सुमारे २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. दिवसभरात ते जवळजवळ ९०० किलोमीटर कापत होते. जालना-मुंबई अंतराच्या दुपटीहून अधिक. तरीही आपण जागचे हललोच नाही असे वाटत होते, कारण चोहोबाजूंचे वर्तुळ तेच राहत होते. इतक्या उंचीवरून क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर दिसते, असे जावयांनी सांगितले. काकांना श्रावकाच्या बारा व्रतांतील दिग्व्रत आठवले. जाण्यायेण्याच्या दिशांना आपण होऊन मर्यादा घालायची आणि त्यापलीकडील व्यापार, लोभ, आरंभ यांतून मोकळे व्हायचे. मुलगी परदेशी असल्यामुळे काकांनी ती मर्यादा बरीच मोठी ठेवली होती. आज समुद्रानेच ती आखून दिली होती.

तरी पहिल्या दोन दिवसांत त्यांचा हात पुनःपुन्हा खिशातील मोबाईलकडे गेला होता. साखरेचा भाव, वसुली, मुलाने उघडलेले दुकान. पण फोन मुका होता. तिसऱ्या दिवशी सामायिकात बसले आणि ४८ मिनिटे कधी सरली ते त्यांना कळले नाही. हसनाबादला याच सामायिकात निम्मे लक्ष दुकानाच्या शटरकडे असे.

दुपारी नातीने विचारले, "आजोबा, आपले लोक पूर्वी बोटीने जात होते का?" काकांनी वीरचंद राघवजी गांधी यांची गोष्ट सांगितली. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, अर्थात आत्मारामजी महाराज यांना आले होते. साधूंच्या आचारात वाहनप्रवास बसत नाही; म्हणून श्रावक असलेल्या वीरचंदांना पाठवण्यात आले. त्यांचे वय तेव्हा अवघे २९ वर्षांचे होते. परदेशात त्यांनी शाकाहार सोडला नाही, तरी समुद्र ओलांडल्याबद्दल समाजात वाद झालाच. पुढे आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. नात म्हणाली, "मग बोटीवर त्यांना जैन जेवण कोण करून देत असेल?" काका हसले. त्या प्रश्नाचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

काकू शेजारच्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. भोवतालची मंडळी वाचत होती, पेंगत होती, पत्ते खेळत होती. काकूंना मात्र हातांचे काय करावे ते उमगत नव्हते. त्यांनी टॉवेलची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली, नातीची वेणी घातली, पिशवीतील खाकऱ्यांचे डबे लावले. मग हात मांडीवर ठेवून त्या लाटांकडे पाहत राहिल्या.

सूर्यास्तापूर्वी जेवण मिळावे, कांदा, लसूण, बटाटा त्यात नसावा, अशी विनंती मुलीने आधीच नोंदवली होती. जहाज पश्चिमेला चालले असल्याने अधूनमधून रात्री घड्याळ एक तास मागे घेतले जाई. म्हणून वाढपी रोज आठवणीने सूर्यास्ताची वेळ विचारून घेई. पाच वाजता सर्वांची ताटे एकदमच आली. काका आणि काकू शेजारी बसून जेवले. पाणी पिऊन, चौविहाराचे पच्चक्खाण घेऊन दोघे पश्चिमेकडील कठड्यापाशी आले, तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता.

तो हळूहळू लाल होत पाण्याला टेकला. काकू एकटक पाहत होत्या. शेवटची कडा बुडाल्यावर त्या म्हणाल्या, "सूर्य असा पूर्ण मावळताना मी पहिल्यांदाच पाहिला."

"अगं, असं काय म्हणतेस? आपल्या ओसरीतून रोज तर दिसतो."

"तुम्हाला दिसतो."

त्या स्वरात तक्रार नव्हती. काकांनी विचारले म्हणून त्यांनी पुढचे सांगितले. संध्याकाळी सासू-सासरे, दीर, मुले आणि दुकानातून घाईने आलेले काका, या सर्वांची पाने दिवस मावळण्याआधी उठली पाहिजेत. शेवटचा फुलका तव्यावरून उतरेपर्यंत खिडकीतील उजेड गेलेला असे. "हिवाळ्यात तर पुष्कळदा. बाजाराच्या दिवशी तुम्हाला उशीर व्हायचा, तेव्हा हमखास. मग तसंच राहायचं."

"उपाशी?"

"नियम होता ना, अहो. आणि सवय होते."

काका काही बोलले नाहीत. चौविहार त्यांनी ४० वर्षे एकदाही मोडला नव्हता. स्थानकात त्याचा उल्लेख होई, तरुणांना दाखला दिला जाई. मनातल्या वहीत ही त्यांची सर्वांत निर्मळ जमा होती. तिच्या समोरच्या पानावर कोणाच्या नावे काय खर्च पडत होता, ते त्यांनी पाहिलेच नव्हते. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि अनुमोदन देणे, असे कर्माचे तीन मार्ग त्यांनी प्रवचनांत शेकडो वेळा ऐकले होते. मुंगीचा जीव जपणाऱ्या त्या घरात एक माणूस वारंवार उपाशी झोपत होता. आणि तो उपवास तिने घेतलेला नव्हता, तिच्यावर येऊन पडलेला होता.

त्या रात्री खोलीत दोघे प्रतिक्रमणाला बसले. "मिच्छामि दुक्कडं" हे शब्द आले, तेव्हा काका थांबले. संवत्सरीला गावभर फिरून, ग्राहकांना आणि व्यापाऱ्यांना हात जोडून ते हे शब्द म्हणत आले होते. घरात मात्र ते ओझरतेच म्हटले जात. या वेळी त्यांनी बाजूला वळून, काकूंकडे पाहून ते उच्चारले. काकूंनी मान हलवली आणि पुढचा पाठ सुरू केला.

पुढे आणखी चार दिवस समुद्र तसाच राहिला. रोज संध्याकाळी काकू सर्वांआधी कठड्यापाशी जाऊन उभ्या राहत.

आता दोघे हसनाबादला परतले आहेत. साडेचार वाजले की काका गल्ला मुलाच्या स्वाधीन करून घरी येतात. भाजी चिरतात, कणीक मळतात. फुलके त्यांना अद्याप गोल लाटता येत नाहीत. सून हसते, काकू हसत नाहीत. सगळ्यांची ताटे एकदम मांडायची आणि काकू बसल्याखेरीज कोणी पहिला घास घ्यायचा नाही, असा घरात नवा नियम झाला आहे. जेवण आटोपले की काकू ओसरीवर येऊन बसतात. समोरच्या घरांमुळे तेथून सूर्य पूर्ण दिसत नाही, असे आता त्याच काकांना सांगतात.