पाठीचे जुने दुखणे

कष्टाच्या घराला पाठदुखीची ओळख करून द्यावी लागत नाही. भातलावणीला चिखलात वाकलेली स्त्री, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणारी म्हातारी, गोणी उचलणारा गडी आणि गाव सोडून बडोद्याच्या कारखान्यात यंत्रापुढे उभा राहणारा तरुण, या सर्वांच्या तोंडी एकच तक्रार असते. महिन्याभरात ती गेली तर माणूस ती विसरून जातो. परंतु तीन महिने उलटूनही जे दुखणे हटत नाही, त्याने शरीराइतकेच मनही खचते. घरची माणसे ‘हे नेहमीचेच’ असे म्हणू लागली, म्हणजे दुखणेकरी घरात असूनही एकटा पडतो. आमचे हे चार शब्द त्याच्यासाठी आहेत, आणि त्याहून अधिक त्याच्या घरच्यांसाठी आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणे २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लक्ष माणसे कंबरदुखीने पीडित होती. माणसाला कामातून उठवणाऱ्या व्याधींत हिचा क्रमांक पहिला लागतो. तेव्हा हे दुखणे म्हणजे कोणाच्या आळसाचे सोंग नव्हे, की कोणाच्या पापाची शिक्षा नव्हे.

आपला पाठीचा कणा २४ सुट्या मणक्यांचा व त्यांखालील जुळलेल्या हाडांचा बनलेला आहे. मणक्यांच्या मधोमध गाद्या असतात आणि पोटाचे व पाठीचे स्नायू या साऱ्या रचनेला तोलून धरतात. ही रचना काचेच्या भांड्यासारखी नाजूक नाही. दहांपैकी सुमारे नऊ दुखणेकऱ्यांच्या बाबतीत अमुक एक हाड किंवा अमुक एक गादी दोषी आहे, असे वैद्यांना सांगता येत नाही. ‘गादी झिजली’ असे तपासणीच्या कागदावर वाचून पुष्कळांच्या पायाखालची जमीन सरकते. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे दिसून आले की, ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा विशीतील शंभरांपैकी ३७ जणांच्या आणि ऐंशीतील ९६ जणांच्या गाद्या झिजलेल्याच होत्या. वयोमानाने केस पिकतात, तशीच ही झीज होय.

मग दुखणे टिकते का? गावात एकदा चोरी झाली की राखणीचे कुत्रे पुढे कित्येक दिवस पान हलले तरी भुंकते. तद्वत एकदा दुखावलेल्या पाठीच्या नसा व मेंदू साध्या हालचालीलाही संकट समजू लागतात. मूळ इजा भरून येते, पण ओरड चालूच राहते. त्यात माणूस भयाने हालचाल टाकतो, स्नायू दुबळे होतात आणि दुबळी पाठ अधिकच दुखते. अपुरी झोप व कर्जाची चिंता यांची त्यात भर पडते. वेदना खरी असते. मात्र प्रत्येक कळेबरोबर काही मोडत असते, हे खरे नव्हे.

म्हणूनच ‘पडून राहा’ हा मायेचा सल्ला बहुधा चुकीचा ठरतो. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस व काहींना सात दिवस अंथरुणात राहावयास सांगितले. बरे होण्यात फरक पडला नाही. उलट दोन दिवसांत उठणाऱ्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले.

आम्हां बडोदेकरांना ही शिकवण परकी वाटू नये. याच नगरीत जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांनी पिढ्यांना व्यायामाची गोडी लावली. जवळच्या डभोई येथे १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात त्यांच्या हाताखाली शिकले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आले. योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे नुसते न मानता त्यांनी १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या इस्पितळातील प्रयोगशाळेत तपासून पाहिले आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. परंपरेने आलेले घ्यावे, पण पारखून घ्यावे, हा त्यांचा धडा आहे. पुढे २०१७ साली अमेरिकेत जुन्या कंबरदुखीच्या ३२० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सौम्य योगासने व फिजिओथेरपी यांचा गुण सारखाच आढळला. ऑस्ट्रेलियात २०२४ साली ७०१ जणांवर झालेल्या अभ्यासात, शिकवण घेऊन नियमाने चालणाऱ्यांचे दुखणे उलटण्यास साधारणतः २०८ दिवस लागले. इतरांचे ११२ दिवसांतच उलटले. चालण्याला तर पैसाही पडत नाही.

तेव्हा आरंभ लहान करावा. सकाळी दहा मिनिटे चालावे आणि बळ येईल तसे हळूहळू अर्ध्या तासापर्यंत जावे. उताणे निजून गुडघे पोटाशी घ्यावे. मग पाय दुमडून कंबर अलगद उचलावी. थोडे दुखले तरी भिऊ नये. मात्र दुसऱ्या दिवशीही कळ वाढलेलीच राहिली तर प्रमाण कमी करावे. ओझे अंगाजवळ धरून उचलावे, मोठ्या ओझ्याची दोन लहान ओझी करावी, एकाच स्थितीत फार वेळ राहू नये. शेकाने बरे वाटत असेल तर खुशाल शेकावे. जुन्या कंबरदुखीसाठी पट्टा बांधणे वा वजन लावून ओढ घेणे यांचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेला नाही. पायाळू माणसाची लाथ खाऊन उसण काढण्याची चाल तर सोडूनच द्यावी. ठिसूळ हाडाला ती महागात पडेल. वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने महिनोन्महिने घेतल्यास पोट व मूत्रपिंडे बिघडतात.

काही खुणा मात्र विलंब सहन करीत नाहीत. लघवी अडणे किंवा शौच-लघवीवरील ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे, पायातील बळ जाणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. ताप, रात्री घाम, वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग किंवा पडण्याने झालेली इजा असेल तरी डॉक्टरांना त्वरित दाखवावे. आपल्या देशात मणक्याचा क्षय आजही आढळतो आणि तो औषधाने बरा होतो.

संत लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या एका स्त्रीची हकिकत आहे. सभास्थानात ती नेहमीचीच झाली असावी. प्रभू येशूने तिला पाहिले, जवळ बोलावले, तिच्यावर हात ठेवले आणि ती सरळ उभी राहिली. शब्बाथाचा नियम मोडला म्हणून सभास्थानाचा अधिकारी रागावला, तेव्हा प्रभूने त्याला विचारले की, त्या दिवशी तुम्ही आपले बैल पाण्यासाठी सोडता ना? गोठ्यातील जनावराची तहान कळणाऱ्यांना शेजारच्या बाईची पाठ दिसली नव्हती.

चमत्कार करणे आपल्या हाती नाही. पाहणे मात्र आहे. रोझरीच्या वेळी आईला गुडघे टेकवत नसतील तर तिच्यासाठी खुर्ची ठेवावी, आणि तिने बसून केलेली प्रार्थना उणी मानू नये. पाण्याचा हंडा थोरल्या मुलाने उचलावा. ते काम बायकांचे, असे म्हणू नये. वडील चालावयास निघाले तर नातवाने बोट धरून सोबत जावे. तसेच दुखणेकऱ्याची सगळीच कामे काढून घेऊन त्याला खाटेवर बसवू नये. झेपेल तेवढे काम त्याच्या हाती राहू द्यावे. एकमेकांची ओझी वाहण्यास संत पौलाने सांगितले आहे. ते ओझे कित्येकदा खरोखरीच पाण्याच्या हंड्याएवढे असते.