रनिंग किती झालंय?

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. रनिंग किती झालंय? पन्नास हजारांच्या आत असेल तर बोलणी पुढे सरकतात. लाखाच्या वर असेल तर समोरचा "बघतो" म्हणतो आणि फोन ठेवतो. म्हणून तर मीटर मागे फिरवून देणाऱ्यांचा धंदा चालतो, आणि विकायला आलेली प्रत्येक दुसरी गाडी अशा एखाद्या डॉक्टरची निघते, जो ती फक्त घर ते दवाखाना एवढीच चालवायचा.

माझी गाडी घेतली तेव्हा २,११,००० किलोमीटर चाललेली होती. त्यात ती स्पोर्ट्स कार. दोन सीटची, कापडी टपाची, २००४ सालची माझदा एमएक्स-५. मी बर्मिंगहॅमला नोकरी करतो, तिथे ती मला १,९०० पौंडांना मिळाली. घ्यायचा विचार आहे असं घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "दोनच सीटं? आम्ही आलो तर एकाने घरी बसायचं का?" आबांनी एवढंच विचारलं, "कशाला पायजे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसला मी ट्रेनने जातो. आबा तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, कऱ्हाड आगारात. दिवसाला अडीचशे किलोमीटर आणि वर्षाला पावणेतीनशे दिवस धरले, तर हिशेब वीस लाखांच्या पुढे जातो. त्यातला बराचसा कुंभार्ली घाटातला. गाडी चालवणं म्हणजे ड्युटी. त्यात मजा असू शकते हे आमच्या घरात कुणाला सुचायचं कारणच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी आबा स्कूटरलासुद्धा हात लावायचे नाहीत.

एमएक्स-५ मात्र निव्वळ त्या मजेसाठीच बनली. १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. जुन्या ब्रिटिश उघड्या गाड्यांची मजा हवी, पण त्यांचं रोजचं बिघडणं नको, असा साधा विचार त्यामागे होता. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन कमीत कमी. जपानी लोक यासाठी 'जिनबा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एक होणं. ती फार वेगवान नाही, आजच्या कितीतरी इलेक्ट्रिक फॅमिली गाड्या तिला सिग्नलवर सहज मागे टाकतात. पण वळणावर ती काय करतेय हे हातांना आणि पाठीला कळतं. २०१६ साली दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली. म्हणूनच माझ्यासारख्याच्या खिशाला परवडतील अशा जुन्या गाड्या बाजारात भरपूर आहेत.

आधी मी एका डीलरकडे दुसरीच एक पाहिली होती. जेमतेम ४८,००० मैल चाललेली, लालभडक, चकाचक, किंमत ३,४०० पौंड. टायरवर नक्षी भरपूर होती. पण टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तिथे लिहिलं होतं २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. मी बघत होतो २०२२ साली. तेरा वर्षांचं रबर, चिरा पडलेलं. गाडी चाललीच नव्हती, नुसती उभी होती. खाली वाकून पाहिलं तर दाराखालच्या उंबऱ्यावर, ज्याला इथे सिल म्हणतात, काळ्या अंडरकोटिंगचा जाड ताजा थर.

या गाडीचं खरं दुखणं तिथेच असतं. टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन नळ्यांतून खाली निचरतं. झाडाखाली उभ्या गाडीत त्या नळ्या पाल्याने तुंबतात. मग पाणी सिलमध्ये शिरतं आणि पत्रा आतून गंजत येतो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ बाहेरून हातभार लावतं. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं बरंच काही गेलेलं असतं. इंजिन दोन लाख किलोमीटर सहज पळतं, कुजतो तो पत्रा. आणि कुजण्यासाठी गाडी चालावी लागत नाही.

दुसरी गाडी, जी मी घेतली, ती वेल्सच्या सीमेजवळच्या एका गावात होती. मालकीण निवृत्त नर्स. इथे तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते, आणि नुसता गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनचा इतिहास ऑनलाइन फुकट दिसतो. पास की नापास, मीटरवर किती, कुठे गंज धरतोय, काय झिजलंय. मीटर फिरवलं असेल तर तिथेच उघडं पडतं. या गाडीची पहिली तपासणी २००७ ची, ३४,००० मैलांवर. मग दरवर्षी साधारण दहा हजार. २०१५ नंतर आकडा एकदम मंदावलेला. बाई निवृत्त कधी झाल्या हे मला त्यांनी सांगायच्या आधीच कळलं होतं.

२०१७ च्या तपासणीत शेरा होता, डाव्या सिलला गंज. फाइलमध्ये पुढच्याच महिन्याचं वेल्डिंगचं बिल. टायमिंग बेल्ट दोनदा बदललेला, ६१,००० आणि १,१९,००० मैलांवर. शेरा आला की बिल आहे, असं पानोपान.

त्या अंगणातून मी आबांना व्हिडिओ कॉल केला. पहिला प्रश्न, "बोनेट गरम हाय का?" नव्हतं. विकणारा आधीच इंजिन गरम करून ठेवत असेल तर काहीतरी लपवतोय, हा त्यांचा नियम. मग ऑइलचं झाकण उघडायला लावलं, खाली दुधी साय नाही ना बघायला. स्टार्टर मारल्यावर फोन सायलेन्सरपाशी धरायला लावला. निळा धूर नाही. क्लच कुठे पकडतो, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना खर्र होतं का, हेही विचारलं. शेवटी म्हणाले, "फाइल दाखव." मी एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरत गेलो. मराठी चौथीपर्यंत आणि इंग्रजी जेमतेम आकड्यांपुरतं येणाऱ्या माणसाने तारखा आणि मैल जुळवून पाहिले आणि सांगितलं, "घे. बाईनं लिहून ठेवलंय."

डेपोत गाडी लावली की तिचं जे दुखणं असेल ते लिहून द्यायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. ब्रेक खेचतोय, स्टिअरिंगला प्ले आहे, डाव्या बाजूचा पाटा बसलाय. लिहिलं तर वर्कशॉपमध्ये कुणीतरी हात लावणार. त्यामुळे आबांना रनिंगची भीती कधीच नव्हती. भीती होती ती नोंद नसलेल्या गाडीची.

मागच्या उन्हाळ्यात दोघं इथे आले. आबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, सिलवर बोटांनी टकटक करून आवाज ऐकला, मान हलवली. बसायला गेले तेव्हा अडलं. सीट जमिनीपासून वीतभर उंच. एक हात दारावर, एक माझ्या खांद्यावर, आणि कंबर अर्ध्यात थांबली. दोन मणक्यांमधली गादी झिजलीय हे त्यांना कधीपासून माहीत होतं, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. गाडीची दुखणी रोज लिहून देणाऱ्या माणसाने स्वतःचं दुखणं कुठेच लिहिलं नव्हतं. आईलाही फक्त "जरा अवघडतंय" एवढंच माहीत.

मी काहीबाही बोलायला लागलो तर म्हणाले, "आता रनिंग झालंय रे. आपल्याला काय वेल्डिंग होतंय?"

खरं आहे, नाही होत. पण जुन्या गाडीचंही आयुष्य वेल्डिंगवर कमी आणि वेळेवर बदललेल्या ऑइलवर जास्त टिकतं. त्यावर वाद घातला, आणि तो मी जिंकलो असं नाही, आईने जिंकला. कऱ्हाडला परतल्यावर आबा हाडांच्या डॉक्टरकडे गेले. आता आठवड्यातून दोनदा व्यायाम शिकवायला एक मुलगी येते.

मी गाडीची एक एक्सेल शीट ठेवली आहे. तारीख, मैल, काय केलं, किती गेले. नळ्यांतला पाला दर महिन्याला काढतो, हिवाळ्यात खालून मीठ धुतो. त्याच फाइलमध्ये दुसरं एक पान आहे. आई दर रविवारी फोनवर सांगते ते मी त्यात भरतो. आबा किती मिनिटं चालले, कंबर कुठल्या बाजूला दुखली, गोळी घेतली का. आबांना त्याचा राग येतो. पण आकडे विचारले की बरोबर सांगतात.