कातड्याची पारख

वस्तू जपण्याची हौस असणे निराळे आणि ती कशी जपावी याचे ज्ञान असणे निराळे. हौसेच्या बळावर ज्ञानाचा आव आणणारे एखादे माणूस प्रत्येक कुटुंबात असते. आमच्या घरी तो मान आमच्याकडे आहे, हे आम्हांस एका मोटारीने शिकविले.

मोटार आधी दुसऱ्याने वापरलेली, परंतु आतील बैठका बदामी रंगाच्या कातड्याच्या. आम्ही तिघा भावांनी मिळून ती घेतली, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो पेट्रोलच्या खर्चाचा नव्हे, मातोश्रींच्या सोवळ्याचा! कातड्यास त्या होता होईतो शिवत नसत. अखेर बैठकीवर धाबळी अंथरून बसावे, असा तोडगा निघाला.

पुढे एके दिवशी सकाळी पाहतो तो साऱ्या बैठका तेलाने चकाकत आहेत! मातोश्रींनी वाटीभर खोबरेल त्यांवर चोळले होते. "अरे, उन्हाने किती रखरखीत झाले होते ते! कातडेच ना? मग त्याला तेल नको का?" असे त्या म्हणाल्या. आम्ही त्यांस नको ते बोललो. त्या मुकाट्याने न्हाणीघराकडे वळल्या. त्या दिवशीचे त्यांचे ते दुसरे स्नान होते. त्याचा अर्थ मात्र आमच्या ध्यानात आला नाही.

तेल काढावे म्हणून आम्ही स्पिरिटने बैठक खसखसा घासली. तेल गेले, पण हातातील पांढरे फडकेही बदामी झाले! बैठकीवर तळहाताएवढा फिकट डाग उमटला.

मोटारींच्या बैठका शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो, तेव्हा उलगडा झाला. त्याने न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकला. तो मोत्यासारखा वर राहिला. म्हणजे या कातड्यावर रंगाचा व संरक्षक लेपाचा थर आहे. बहुतेक मोटारींत असेच कातडे असते. त्याची स्निग्धता ते कमावतानाच आत घातलेली असते. वरून चोळलेले तेल लेपातून फारसे मुरत नाही, उलट धूळ मात्र धरून ठेवते. अशा बैठकीची धूळ प्रथम मऊ ब्रशाने झाडावी, मग सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने हलकेच पुसावे आणि सावलीत वाळू द्यावे. नव्या बैठकीस मुळात चकाकी थोडी असते. वापराने येणारी तकाकी हा पुष्कळदा अंगाच्या तेलाचा व मळाचा थर असतो.

थेंब शोषला जाऊन तेथे काळपट झाले, तर ते लेप न दिलेले, ज्यास ॲनिलीन म्हणतात ते कातडे समजावे. ते स्पर्शास अतिशय मऊ, पण तेलाचा डाग तत्काळ पिणारे. तेथे खोबरेल पडते तर निघणे कठीण. दोहोंच्या मधले, पातळ लेपाचे, ते सेमी-ॲनिलीन. नुबक व स्वेड यांवर मखमलीसारखी लव असते. त्यांस तेल किंवा मलम लावू नये, कोरड्या मऊ ब्रशानेच साफ करावे. अल्कांतारा हे तर कातडेच नव्हे. पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन यांपासून केलेले ते कापड १९७० साली जपानात प्रथम तयार झाले. कित्येक मोटारींत बसण्याच्या भागापुरतेच कातडे असून बाजूंना रेक्झीनसारखे लेप दिलेले कापड असते. त्याच्या उलट बाजूस विणीचे धागे दिसतात. कातड्याच्या उलट बाजूस विस्कटलेले तंतू असतात. आणि प्रकार कोणताही असो, कडक ऊन टाळावे हे उत्तम.

उरलेल्या बैठकांवरील मातोश्रींचे तेल साबणाच्या पाण्याने दोन दिवसांत निघाले. आमचा डाग मात्र तसाच राहिला. नवा रंग देता येतो, असे कारागीर म्हणाला. तो आम्ही अद्याप दिलेला नाही.

घरी येऊन आम्ही मातोश्रींची क्षमा मागितली. आयुष्यभर ज्यास शिवल्या नाहीत, त्यास आमच्यासाठी त्यांनी हात लावला होता, आणि आम्ही तेलाकडे पाहत बसलो होतो.

"तेल निघाले ना? मग झाले तर," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा धाबळीची घडी घालू लागल्या.