आधी जन्मलेल्यांचं बोला

दिवाळी झाली की आमच्या देवळी तालुक्यात कापसाच्या वेचणीला जोर येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत माझा फोन रात्री-बेरात्री वाजतो. "ताई, पोरीचे पाय लय दुखून राह्यले. रडून राह्यली." मी गावची आशा. पलीकडची माय सिकलसेलचं नाव घेत नाही, मीही लगेच घेत नाही. पाणी किती पाजलं, ताप आहे का, दम लागतो का, एवढं आधी विचारते. ताप असेल किंवा छातीत दुखत असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, १०८ बोलवायची. नुसती हाडं ठणकत असतील तर कोमट पाणी, जाड पांघरूण आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. पहाटे दवात भिजत वेचायला जायचं, दिवसभर तहान मारायची, यातच हे दुखणं उसळतं. अंगातलं पाणी कमी झालं, प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त जात नाही तिथे कळ उठते.

यातलं बरंचसं मी प्रशिक्षणाच्या आधी घरीच शिकले. माझा धाकटा भाऊ एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण आहे. आई-बाबा दोघंही एएस, म्हणजे वाहक, मीही एएस. तो रांगत होता तेव्हा त्याचे हातापायाचे पंजे सुजायचे. पुढे डोळे पिवळे दिसू लागले. मग काविळीची माळ गळ्यात पडली. माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली तरी डोळे पिवळेच. धड माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्याची दहा-वीस दिवसांत फुटते आणि तो रंग डोळ्यांत उतरतो. माळेनं काय होणार? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी झाली तेव्हा कुठे आजाराचं नाव कळलं.

आजीची दोन लेकरं 'अंगात रक्त नाही' म्हणून गेली होती. नाव कळल्यावर तीही आठवली. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. नागपूर आमच्यापासून काही लांब नाही. पण ते लिखाण आजीच्या ओसरीपर्यंत आणणारं कोणी नव्हतं.

आता निदान तपासणी तरी दारात येते. बोटाच्या टोकाचं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं आणि नळीच्या मागे छापील रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर बरं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी, कारण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ही नळी सांगत नाही. पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू केली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. त्यामुळे कामाला वेग आला, हे खरं.

तपासणीनंतरचं काम मात्र अवघड. तपासणीच्या निकालाचं कार्ड घरी जातं आणि पेटीत तळाशी पडतं. लग्नाच्या वेळी तर ते कोणी बाहेर काढत नाही, मुलीकडचे मुळीच नाही. मूल एसएस निघालं की सासू म्हणते, "आमच्या खानदानात असं नाही." मी पाटीवर काढून दाखवते: दोघं एएस असतील तर दर खेपेला चारात एक शक्यता एसएसची, दोन एएसच्या, एक निरोगीची. एक दाणा आईचा, एक बापाचा. यावर हमखास कोणीतरी विचारतं, "एक झालं ना मग, आता पुढचे तीन बरे निघतील?" नाही हो. दर वेळी चिठ्ठी नव्यानं निघते. आणि हा अमक्या जातीचा आजार, हे बोलणं तर मी ऐकूनच घेत नाही. बौद्ध, गोंड, परधान, कोलाम वस्त्यांत तो जास्त आहे, पण इतरांच्या घरीही तो मी पाहिला आहे. मलेरियाच्या मुलखात एएस माणसाचा त्या तापापासून थोडाफार बचाव होत आला, म्हणून हा गुण पिढ्यांमागून पिढ्या टिकला. यात कोणाचं पाप नाही.

गावात जनजागृतीची बैठक होती. मंचावरून एकामागून एक तेच चाललं होतं: वाहकानं वाहकाशी लग्न करू नये, पत्रिका बघण्याआधी रक्त बघा. भाऊ मागे बसला होता. आम्हीच त्याला 'अनुभव सांगायला' बोलावलेलं. तो उठला आणि म्हणाला, "माह्यासारखे जन्माले येऊ नये, हे सांगायलेच मले बोलावलं काय?" आणि खाली बसला.

लग्नाआधी तपासणी व्हायलाच हवी, यात मला शंका नाही. पण आमच्या भिंतीवरची सगळी पोस्टरं न जन्मलेल्या लेकरांबद्दल बोलतात. जे आहेत त्यांच्यासाठी बोलायला तितकंच आहे, किंबहुना जास्तच. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घेतली, अधूनमधून रक्त तपासून मात्रा ठरवली, तर कळांचे हल्ले बरेच कमी होतात; पण दोन महिने दुखलं नाही की लोक गोळी सोडतात. सिकलसेलच्या मुलांच्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवी जास्त होते. एका शाळेत अशाच मुलीला सारखी बाहेर जाते म्हणून उभं केलं होतं. तिनं मग पाणी पिणंच सोडलं, आणि आठवड्यात दवाखान्यात भरती. सूज नाही, जखम नाही, त्यामुळे दुखणं कोणाला खरंच वाटत नाही. 'नाटक' हा शब्द माझ्या भावानं जितका ऐकला असेल तितका कोणी ऐकू नये.

नागपूरला संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांना एकत्र आणायला आयुष्य घातलं; २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्याएवढं काम आमच्यानं होणार नाही. पण त्या बैठकीनंतर आम्ही क्रम बदलला. आता आधी रुग्ण बोलतात, लग्नाचं नंतर. पहिल्या वेळी एक बाई उठून फक्त एवढंच म्हणाली, की रात्री कळ उठली की नवऱ्याला उठवायची तिला भीती वाटते. नवरा तिथेच बसला होता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, हे गावात फार थोड्यांना ठाऊक. दहावी-बारावीच्या पेपरला अशा मुलांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, पण कागद शाळेतून बोर्डाकडे वेळेत जावे लागतात. फेब्रुवारीत आठवण होऊन काही उपयोग नाही. यंदा गावात अशी एक मुलगी दहावीला आहे. तिच्या प्रमाणपत्रासाठी गुरुवारी वर्ध्याला जायचं आहे. माय म्हणते, "तूच चल ताई, सायबापुढं मले बोलता येत नाही." मी म्हटलं, येते, पण बोलशील तू. त्यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.